बाह्या झाल्या का

१२ जानेवारी

बाळा,

आईचा आशीर्वाद. अक्षर मास्तरांचं आहे आणि बोलणं माझं आहे, हे ध्यानात ठेवून वाच. मास्तर म्हणतात, सुधारगृहात आलेलं पत्र आधी ऑफिसात उघडतात, आणि पोलिसांविरुद्ध काही लिहिलं असलं की त्यावर काळी शाई फिरवतात. जाणाऱ्या पत्राचंही तसंच. तेव्हा मी बेतानंच बोलते.

जेवतोस का? पांघरूण पुरतं का? तुझे पाय कायम बाहेर राहतात म्हणून विचारते. इथं घरात तुझी ताटली अजून मांडली जाते माझ्या हातून, मग उचलून ठेवते.

आता ऐक. त्या शिपायाच्या भुवईला सहा टाके पडले. तू त्याला ढकललंस की नाही हे मी पाहिलं नाही, मी तेव्हा मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात काजं करत होते. पण झटापटीत त्याच्या हातात जो खिसा फाटून राहिला तो तुझ्याच शर्टाचा, असं मास्तर सांगतात. तू चौकीत सगळ्यांसमोर म्हणालास की तुझा शर्ट बाह्या वाढवायला मास्तरांकडे पडलाय. मास्तर म्हणतात, तू तो आठ दिवस आधीच परत नेलास. मग मी कुणाचं खरं धरू? मास्तरांनी कधी कुणाचं वाकडं केलेलं नाही. तू मात्र शाळेला दांडी मारून दप्तरासकट घरी वेळेवर यायचास, ते मी विसरले नाही. चूक केली असशील तर कबूल कर. चौकीतल्या साहेबांचे पाय धर. मला वस्तीत तोंड दाखवायला जागा ठेव.

हे काही ते खोडणार नाहीत.

तुझी आई

वहिनी गिऱ्हाइकाला बटणं दाखवायला उठल्यात, तेवढ्यात दोन ओळी माझ्या. बांबू, मी मास्तरकाका. रागावला असशील. मी साहेबांना इतकंच म्हणालो की शिलाई माझी आहे. बाकीचं त्यांना आधीच ठाऊक होतं. वहिनींची काळजी करू नकोस, मी आहे इथे.


९ फेब्रुवारी

बाळा,

तुझी चिठ्ठी आली. मास्तरांनी दोनदा वाचून दाखवली. चारच ओळी लिहिल्यास, पण तुझ्या हातच्या आहेत म्हणून मी त्या डब्यात ठेवल्या. सुतारकाम शिकवतात हे बरं झालं. मोजे पाठवते आहे. निळे नाही मिळाले, करडे आहेत.

कबूल करण्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. मी विचारते आणि तू उत्तर देत नाहीस, हे तू सहा वर्षांचा असल्यापासून चाललंय. पण आता तू सहा वर्षांचा नाहीस. अकरा एप्रिलला तुला अठरा वर्षं पुरी होतील. साहेब मला म्हणाले, त्याच्या आत निकाल लागून माफी मिळाली तर ठीक, नाहीतर मुलगा मोठ्या तुरुंगात जाईल. मोठ्या तुरुंगातून आपल्या वस्तीतलं कोण कसं परत आलं ते तू पाहिलं आहेस. माझ्या जिवाला घोर लागलाय रे.

तुझी आई

बांबू, तुझ्या चिठ्ठीतली शेवटची ओळ मी वाचून दाखवली नाही. 'मास्तरकाकांना विचार, माझ्या शर्टाच्या बाह्या झाल्या का.' ऑफिसनं त्यावर शाई फिरवली नाही, बाह्यांत त्यांना काय कळणार. मी तिथं पोहोचलो आणि थांबलो. वहिनी म्हणाल्या, 'संपलं?' मी म्हणालो, 'संपलं.' जुनं उकरून त्यांना आणखी त्रास नको, एवढाच माझा हेतू. तू समजूतदार आहेस. शर्टाचं मी बघतो.


२ मार्च

बाळा,

दुसरी चिठ्ठी पोचली. मोजे बसले म्हणालास, छान झालं.

परवा मास्तर तुमच्या सुधारगृहात येऊन गेले. तिथल्या मुलांचे कपडे शिवायचं काम त्यांना मिळालंय, त्यासाठी मापं घ्यायला. मी म्हटलं मलाही न्या, टेप धरीन, पण परवानगी एकट्याचीच होती. परत आल्या आल्या मी विचारलं, कसा आहे? म्हणाले, तब्येत चांगली आहे, उंची वाढली आहे. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी पोलिसांच्या दोन वर्द्यांची बटणं जास्त लावली.

नीट वाग. मास्तरांनी तुझ्यासाठी अधीक्षकांकडे शब्द टाकलाय. त्यांचे उपकार आहेत आपल्यावर.

तुझी आई


२ मार्च, संध्याकाळ

बांबू,

हा कागद पोस्टात पडायचा नाही. कटिंगचा तपकिरी कागद आहे, मागच्या बाजूला एका वर्दीच्या पाठीचा आराखडा आहे. वहिनी घरी गेल्या. सकाळचं पत्र तेवढं टाकून आलो. 'त्यांचे उपकार आहेत आपल्यावर' हे मी माझ्याच हातानं लिहिलं, अक्षरसुद्धा हललं नाही. मग दुकानात परत येऊन बसलो आणि बसवेना.

तुझी तब्येत चांगली नाही. हे मी तुला काय सांगायचं, तुला माहीतच आहे. पण कुठंतरी लिहून ठेवतो.

मुलांची रांग लावली होती. मी मान खाली घालून मापं घेत होतो. छाती, लांबी, खांदा, बाही, मग पुढचा मुलगा. कारकून लिहून घेत होता. तुझे पाय दिसले आणि मी ओळखलं, करडे मोजे होते. तुझ्या छातीभोवती टेप फिरवला तर दोन इंच कमी. मग बाहीचं माप. मी सवयीनं म्हणालो, 'हात सरळ कर.' तू म्हणालास, 'होत नाही.' मला वाटलं ऐकलं नाहीस, म्हणून मी उजवा कोपर धरून हलकेच ओढला. तुझा श्वास अडकला आणि मला कळलं. डावी बाही पंचवीस, उजवी चोवीस. कारकून म्हणाला, 'दोन्ही वेगळ्या कशा?' मी म्हणालो, 'असतात काहींच्या.' पुढच्या मुलाकडे वळलो. कसं झालं ते मी विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. चौकीतले पहिले चार दिवस, एवढं समजण्याइतकी अक्कल मला आहे.

चाळीस वर्षं लोकांची मापं घेतोय. माणसाचं काय चाललंय ते टेपला सगळ्यात आधी कळतं. आजारपण, बाळंतपण, नोकरी गेली असेल तर तेही. मी कुणाजवळ बोलत नाही, एवढा शिंप्याचा धर्म आहे. त्या धर्माआड किती लपता येतं ते मला या वर्षी कळलं.

आता त्या सकाळचं. तू मला कधी विचारणार नाहीस, पण मनात विचारतच असशील, की काकानं असं का केलं.

मी चौकीत साहेबांच्या नव्या वर्दीची मापं घ्यायला गेलो होतो. मला चौकीत खुर्ची मिळते, माहीत आहे ना तुला? आपल्या वस्तीतला दुसरा कुणी तिथं बसलेला मी पाहिला नाही. आपली माणसं उभी असतात, पोरं भिंतीकडे तोंड करून. मी खुर्चीत बसून चहा पितो आणि भिंतीकडे बघत नाही. मागच्या पावसाळ्यात त्याच शिपायानं, ज्याची भुवई पुढे फुटली, मला सांगितलं होतं की मास्तर, हात वर केला की काखेत ओढतं. मी मुंढा उसवून सैल करून दिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आता मस्त झालं. हात कशासाठी वर करावा लागतो ते मी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती, मागं पोरं उभी होती.

तर त्या सकाळी साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली निळ्या रेघांचा एक खिसा होता, शर्टाचा थोडा तुकडा त्याला चिकटलेला. साहेब गळ्याचं माप देत देत सहज म्हणाले, 'मास्तर, तुम्ही जाणकार. हे काम कुणाचं असेल?'

बांबू, देवाशप्पथ सांगतो, मला त्यात कुणाचा पोरगा दिसला नाही. मला फक्त शिलाई दिसली. शर्टाची रेघ खिशावरून अशी सरळ गेलेली की खिसा कुठं सुरू होतो ते बोट फिरवल्याशिवाय कळू नये. मी फुशारलो. म्हणालो, 'माझं आहे, साहेब. अशी रेघ जुळवणारा दुसरा शिंपी दाखवा मला.'

तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे पोराला बारावं लागलं की आई त्याच्या पॅन्टी घेऊन माझ्याकडे येते. मास्तर, खिसे शिवून बंद करा. पोराचा हात खिशात दिसला की आधी कानाखाली बसते, मग नाव विचारतात, आणि नाव ऐकलं की दुसरी बसते. म्हणून हात घालायला खिसाच नको. तुझ्याही सगळ्या पॅन्टींचे मीच शिवले. तू रडला होतास, गोट्या कुठं ठेवू म्हणून. पोरांना मोकळा राहतो तो शर्टाचा एक खिसा, छातीवरचा, समोरून सगळ्यांना दिसणारा. म्हणून मी तो जीव ओतून शिवतो. गिऱ्हाइकानं दिलेल्या पैशापेक्षा जास्त काम त्या एका खिशात असतं. तेवढाच माझा अभिमान होता आणि तो साहेबांना नेमका कुठं असतो ते माहीत होतं.

साहेब म्हणाले, 'छान. कुणाला शिवला होता?'

तेव्हा मी तो तुकडा पहिल्यांदा नीट पाहिला. त्या ताग्यातून मी दोनच शर्ट काढले होते. एक माझ्या मुलाचा, छोट्याचा, आणि उरलेल्या कापडातून एक तुझा. लोक तुम्हाला चिडवायचे, बँडवाले निघाले म्हणून. आणि टेबलावरचा खिसा साडेचार इंचांचा होता. तुझा पाच आहे. तुझ्या लांबलचक अंगावर साडेचारचा खिसा पोस्टाच्या तिकिटासारखा दिसला असता, म्हणून मी मोठा कापला होता. मला न मोजता कळलं की हा छोट्याचा.

त्याआधीच्या संध्याकाळी छोट्या अंगात दुसऱ्याचा सदरा घालून घरी आला होता. शर्ट कुठंय विचारलं तर गुपचूप पिशवीतून काढून दिला, पुढून फाटलेला. म्हणाला, 'बाबा, मी ओळखपत्र काढायला खिशात हात घातला. त्यानं खिसाच धरला. मी नुसता झटकला त्याला.' शिपाई मागं कठड्यावर पडला आणि हा पळाला. पोलीस दिसला की आपली पोरं पळतात, आणि पळाली म्हणून पोलीस धरतात. यात आधी काय झालं ते कुणाला सांगता येत नाही.

मी साहेबांना तुझं नाव सांगितलं.

शाळेच्या दाखल्यावरचं तुझं नाव तीन अक्षरी, तोंडातून बाहेर पडायला काही वेळ लागत नाही. तुला आणून शिपायासमोर उभं केलं. छोट्या तुझ्या खांद्याला लागतो. वीतभर जास्त उंचीचा पोरगा समोर आला तरी शिपायानं पट्टी बांधलेली मान डोलावली. त्यांना आपली पोरं उंचीनंसुद्धा वेगळी दिसत नाहीत. मग तू शर्टाचं सांगितलंस. साहेब माझ्याकडे वळले, तुझी आई माझ्याकडे वळली, आणि मी म्हणालो की शर्ट तू आठ दिवसांपूर्वी नेलास.

तो माझ्या कटिंगच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. वर कागदाचे आराखडे घातलेत. वहिनी त्या खणापासून हातभर अंतरावर बसून काजं करतात.

छोट्याच्या शर्टाच्या मी चिंध्या केल्या. मशिनचं तेल पुसायला वापरतो. एक चिंधी मात्र वापरवत नाही, खिसा जिथं होता तिथला चौकोन तिच्यावर अजून गडद आहे. छोट्याला त्याच्या काकाकडे दुसऱ्या गावी पाठवून दिला. तो जायला तयार नव्हता. म्हणाला, मी चौकीत जाऊन सांगतो. मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालो, तोंड उघडलंस तर बाप मेला समज. आता फोन केला तर तो नुसता धरून ठेवतो, बोलत नाही.

मला लाज वाटते, बांबू. लाज वाटते म्हणून मी वहिनींना दुपारचा डबा खाताना माझ्यातलं वाढतो, त्यांच्या घरचा नळ दुरुस्त करून देतो, त्यांची पत्रं लिहितो. त्या म्हणतात, मास्तर तुम्ही देवमाणूस आहात. आणि मी ते ऐकून घेतो.


२१ मार्च

बाळा,

तिसरी चिठ्ठी आली. मास्तरांचा घसा बसला होता, घाईघाईनं वाचली.

सहा एप्रिलला तुझी तारीख आहे. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की आईनं माफीचा अर्ज दिला तर न्यायाधीश दया दाखवतील. माझ्या मुलानं हे केलं, त्याला माफ करा, असं लिहून खाली अंगठा द्यायचा. तुझ्या कबुलीची वाट बघत बसले तर अकरा तारीख उलटून जाईल. म्हणून तुझ्या वतीनं मीच कबूल करणार आहे. रागावू नकोस. आई आहे म्हणून करते. मास्तरांना सांगितलंय अर्ज लिहायला, ते चांगल्या अक्षरात, वळणदार लिहून देतील.

तुझी आई

वहिनी शाईचा डबा विकत घेऊन आल्यात. अंगठ्यासाठी. अर्ज अजून लिहिला नाही. तीनदा कागद घेतला.


३० मार्च

बांबू, आणि बांबूच्या आधी हे पाकीट उघडणारे अधीक्षकसाहेब,

या पत्रात वहिनींचा एकही शब्द नाही. सगळं माझं आहे. साहेब, यावर शाई फिरवू नका, वाचा आणि वर पाठवा, त्यासाठीच लिहिलंय. सोबत एक तपकिरी कागद घडी घालून ठेवला आहे. तो दोन मार्चचा आहे, तोही वाचा. त्यात माझ्याबद्दल जे आहे ते सगळं खरं आहे. याची एक प्रत न्यायाधीशांच्या ऑफिसला रजिस्टरनं टाकली. चौकीत दिली नाही, कारण तिथं मला खुर्ची देतात आणि खुर्चीत बसलो की माझी जीभ बदलते.

शिपायाच्या हातातला खिसा पोलिसांनी पुरावा म्हणून जपून ठेवला असेल. तो मागवून मोजा. साडेचार इंच भरेल. मग या मुलाच्या शर्टाचा खिसा मोजा. तो त्याच्या शर्टावरच आहे, पाच इंचांचा, एक टाका निघालेला नाही. टेप नसेल तर मी आणीन.

आता तुला, बांबू, काल दुपारचं सांगायचं आहे. तुझा तेवढा हक्क आहे.

वहिनी एका वर्दीला बटणं लावत होत्या. मी म्हणालो, 'वहिनी, अर्ज नाही लिहिला. दुसरं लिहिलंय. ऐकता का?' त्या म्हणाल्या, 'वाचा, कान मोकळेच आहेत माझे.' मी तपकिरी कागद उलगडला आणि वाचायला लागलो. पहिल्यापासून. तुझ्या कोपराचं आलं तेव्हा त्यांची सुई थांबली, मग पुन्हा चालू झाली. खणाचं आलं तेव्हा त्यांनी खणाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी शेवटपर्यंत वाचलं, देवमाणूस या शब्दासकट. त्यांनी हातातलं बटण पुरं केलं, गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

मला वाटलं ओरडतील. मला तेच हवं होतं बहुतेक. त्या म्हणाल्या, 'माझ्या बाळाच्या चिठ्ठ्या वाचा.'

डबा त्यांच्या पिशवीतच असतो, तू त्यात आहेस म्हणून त्या तो दुकानात घेऊन येतात. त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या काढून माझ्यासमोर ठेवल्या.

'आता सगळं वाचा. काही गाळू नका.'

मी वाचलं. सुतारकाम, मोजे, आमटी पातळ असते, आणि शेवटी, 'मास्तरकाकांना विचार, माझ्या शर्टाच्या बाह्या झाल्या का.' दुसरी वाचली. शेवटी तेच. तिसरीच्या शेवटच्या ओळीशी मी थांबलो.

'म्हणा ना,' वहिनी म्हणाल्या. 'त्यानं तीनदा लिहिलं. तुम्हाला तीनदा म्हणायला काय झालं?'

मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठ्या परत डब्यात ठेवल्या. मग म्हणाल्या, 'आणि मी त्याला काय कळवलं?'

'तुम्ही लिहिलंत, कबूल कर.'

'मी बोलले,' त्या म्हणाल्या. 'लिहिलं तुम्ही.' मग जरा थांबून, माझ्याशी नव्हे, 'तो माझ्यासमोर उभा राहून सांगत होता. मी मास्तरांकडे बघितलं. त्याच्याकडे नाही बघितलं.'

मी खण उघडून शर्ट काढला. त्यांनी तो मांडीवर पसरला, खिशावर हात फिरवला, रेघेवरून बोट नेलं. दोन बोटं खिशात घातली आणि तशीच ठेवली. मग विचारलं, 'मी आता बटणं लावली ती वर्दी कुणाची?'

मी सांगितलं. त्याच शिपायाची होती.

त्यांनी ती वर्दी घडी न घालता मशिनवर ठेवली. शर्टाची मात्र घडी घातली, पिशवीत ठेवली, डबा ठेवला, शाईचा डबा माझ्याकडे सरकवला. 'हा तुम्हाला लागेल,' म्हणाल्या. मी म्हणालो, 'वहिनी, पत्रात तुमच्याकडून काय लिहू?' त्या दारात होत्या. म्हणाल्या, 'काही नको. माझा शब्द आता तुमच्या हातातून जायचा नाही. सहा तारखेला मी जाते, तोंडानं बोलते. तोवर त्याला थोडं थांबू दे. इतके दिवस थांबलाय.'

आज त्या कामाला आल्या नाहीत. येणार नाहीत. त्यांच्या बसायच्या जागी सुयांचा डबा तसाच आहे.

काल संध्याकाळीच छोट्याला फोन केला. सगळं सांगितलं. मी म्हणालो, तुला धरतील, मारतील, मी तुला वाचवू शकणार नाही, आधी वाचवलं तेच चुकलं. पलीकडून एवढंच आलं, 'किती तारखेला यायचं?' काल रात्रीच्या गाडीनं आला. अंगानं उतरला आहे. मी माप घेतलं नाही, नुसतं दिसलं. आम्ही दोघं सहा तारखेला तिथं उभे राहू. त्यानं जे केलं ते तो सांगेल. मी जे केलं ते मोठं आहे, ते मी सांगेन. पुढे त्याचं काय होईल याची मला भीती वाटते. ती भीती मी तीन महिने तुझ्या आईला आणि तुला वाहायला लावली, आता माझी मला वाहू दे.

वर्दीचं काम जाईल. जाऊ दे. त्या शिपायाची वर्दी तेवढी तयार आहे, कुणी नेली तर नेईल. मुंढा मी पुन्हा होता तसा घट्ट केला आहे. याला फार काही अर्थ नाही, मला कळतं.

तुझ्याकडे माफी मागत नाही. कुठल्या तोंडानं मागू? मागितली की तुला तिचं काहीतरी करावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम टाकायचा मला अधिकार नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं. तीनदा विचारलंस. बाह्या झाल्या नाहीत. मी शर्टाची शिवण उसवलीसुद्धा नव्हती. काल वहिनी निघाल्या तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं, सहा तारखेच्या आत करून देऊ का म्हणून. उजवी किती ठेवायची ते आता मला माहीत आहे. पण विचारलं नाही. शर्ट तुझी आई घेऊन येते आहे. खिसा जागेवर आहे, बाह्या आखूडच आहेत.

मास्तर